पन्नास हजाराला दहा कमी: टोयोटा सुप्राचा भाव आणि चेहरा

जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार शोमध्ये टोयोटाने सुप्रा या आपल्या नव्या स्पोर्ट्स कारवरचा पडदा काढला आणि अमेरिकेतला भाव सांगितला: ४९,९९० डॉलर. पन्नास हजाराला दहा कमी, अगदी बाटाच्या दुकानातल्या पाटीसारखा. तेव्हापासून शौकिनांमध्ये दोन भांडणं जुंपली. एक भावाचं: एवढे पैसे मोजून आतून बीएमडब्ल्यू असलेली टोयोटा का घ्यावी? दुसरं चेहऱ्याचं: २०१४ साली याच शहरात दाखवलेल्या एफटी-१ या देखण्या नमुन्याचं हे काय करून ठेवलंय, आणि अंगभर या खोट्या जाळ्या कशाला?

ही भांडणं दोन असली तरी मूळ एकच आहे. सुप्रा कोणाच्या सांगाड्यावर उभी करायची हे ज्या दिवशी ठरलं, त्याच दिवशी तिचा भाव आणि तिचा चेहरा दोन्ही बरेचसे ठरून गेले. गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण तिची जुळी बहीण विकली गेली. तिच्याकडे शेवटी येऊ.

भाव म्हणजे नेमका कुठला?

अमेरिकेत कंपनी जो भाव जाहीर करते तो फक्त सुचवलेला असतो. विक्रेता स्वतंत्र धंदेवाईक असतो, आणि त्याने किती घ्यावेत हे कंपनी त्याच्यावर लादू शकत नाही. सुप्राच्या यादीत साधी ३.० ही ४९,९९० ला, ३.० प्रीमियम ५३,९९० ला आणि लाँच एडिशन ५५,२५० ला होती. त्यावर गाडी विक्रेत्यापर्यंत पोचवण्याचे हजारएक डॉलर, म्हणजे पन्नास हजाराचा आकडा तिथेच ओलांडला. मग राज्याचा विक्रीकर. आणि मागणी जोरात असेल तर विक्रेत्याने काचेवर चिकटवलेली वेगळी चिठ्ठी, जिच्यावर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ असं सभ्य नाव असतं. आपल्याकडच्या भाषेत ऑन. नव्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या सहा महिन्यांतले निम्मे वाद या चिठ्ठीमुळे होतात, आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. म्हणून दोघं भावावर भांडत असतील तर आधी विचारावं, दोघंही एकाच आकड्याबद्दल बोलताहेत ना.

(कारखान्यातून निघालेली पहिली सुप्रा लिलावात २१ लाख डॉलरला गेली. ते पैसे धर्मादाय संस्थांना गेले, त्यामुळे तो आकडा भावाच्या चर्चेत आणू नये. तरी लोक आणतात.)

एका हॉर्सपॉवरला किती डॉलर

भावाच्या भांडणातलं सगळ्यांचं आवडतं हत्यार म्हणजे भागाकार. २०१९ च्या सुप्राचे ३३५ हॉर्सपॉवर. ४९,९९० ला ३३५ ने भागलं की एका हॉर्सपॉवरला साधारण १४९ डॉलर पडतात. फोर्ड मस्टँग जीटी साडेपस्तीस हजारांच्या आसपास मिळायची आणि तिला ४६० हॉर्सपॉवर, म्हणजे ७७ डॉलर. त्याच वर्षी शेवरोलेने मागे इंजिन असलेली कॉर्व्हेट ५९,९९५ डॉलरला जाहीर केली, ४९० हॉर्सपॉवरची. तिचा हिशेब १२२ वर येतो. झालं, सुप्रा महाग ठरली.

पण याच गणिताने पोर्शेची ७१८ केमन काढून बघा. ३०० हॉर्सपॉवर, भाव ५७ हजारांच्या घरात, म्हणजे एका हॉर्सपॉवरला १९० डॉलर. तरी केमनला कोणी लुबाडणूक म्हणत नाही, कारण ती घेणारा ताकद विकत घेत नसतो. सुप्राचं दुखणं असं की तिला गिऱ्हाईक हवं होतं केमनचं आणि तिच्या नावाला लागलेली माणसं होती मस्टँगच्या गोटातली.

या भागाकारात आणखी एक भोक आहे. कंपनी सांगते ती ताकद इंजिनाच्या क्रँकशाफ्टपाशी मोजलेली असते. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियलमधून जाताना तिच्यातली साधारण १२ ते १५ टक्के खर्च होते, म्हणून चाकांपाशी ३३५ चे २९० च्या आसपास उरायला हवेत. सुप्रा डायनोच्या, म्हणजे चाकांपाशी ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रुळांवर चढवून ज्यांनी मोजली, त्यांतल्या बऱ्याच जणांना चाकांपाशीच ३३० च्या पुढेमागे आकडा मिळाला. याचा सरळ अर्थ, कागदावरचा आकडा हात राखून लिहिला होता. तेव्हा या गाडीपुरता तो १४९ चा भागाकार मोडीत काढलेला बरा.

जुन्या सुप्राशी तुलना करणारे तर महागाई विसरूनच बोलतात. १९९३ ची टर्बो सुप्रा अमेरिकेत ४० हजार डॉलरच्या आसपास होती. १९९३ ते २०१९ मध्ये तिथला ग्राहक किंमत निर्देशांक १४४.५ वरून २५५.७ वर गेला, म्हणजे सुमारे पावणेदोन पट. जुने ४० हजार हे २०१९ चे ७० हजार. नवी सुप्रा जुनीपेक्षा वीस हजारांनी स्वस्त होती, आणि ती स्वस्ताई कुठून आली हाच खरा प्रश्न आहे.

बीएमडब्ल्यूचं इंजिन का?

सुप्रा म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर आणि मागच्या चाकांना ताकद, ही तिची ओळख. पण जुनी सुप्रा २००२ मध्ये जपानमध्येही बंद झाली आणि नंतरच्या काही वर्षांत टोयोटाकडे एका ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन राहिलं नाही. नवं करायचं तर खर्च कसा बसतो ते एका कल्पित हिशेबाने बघू. समजा इंजिन घडवायला १,००० कोटी रुपये लागले. ते वर्षाला एक लाख गाड्यांत पाच वर्षं बसलं, तर एका गाडीवर २०,००० रुपये बोजा. वर्षाला दहा हजारच गाड्या खपल्या, तर तोच बोजा २ लाख. शिवाय सांगाडा, धडक चाचण्या, धुराच्या चाचण्या, गिअरबॉक्सची जुळवणी हे सगळं याच पद्धतीने दहापट होत जातं. दोन दारांची, दोन आसनांची गाडी कधीच लाखांनी खपत नाही.

म्हणून दोन कंपन्यांनी सांगाडा वाटून घेतला. त्यावर बीएमडब्ल्यूने छत उघडणारी झेड-४ केली आणि टोयोटाने पक्क्या छताची सुप्रा. दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माग्ना स्टायरच्या एकाच कारखान्यात बनायच्या. इंजिन बीएमडब्ल्यूचं बी-५८, तीन लिटर, टर्बो. गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. बॉनेट उघडून प्लास्टिकचे भाग उलटे करून पाहिले तर कित्येकांवर बीएमडब्ल्यूचं चक्र छापलेलं सापडतं. आतला गिअरचा दांडा आणि पडदा चालवायची गोल चकती तर लपवलेलीच नाही. ‘पैसे टोयोटाचे, गाडी बीएमडब्ल्यूची’ हा टोमणा इथून आला.

टोमणा मारणाऱ्यांनी पुढचा आकडाही बघावा. तेच इंजिन चढ्या ताकदीत, ३८२ हॉर्सपॉवरचं, असलेली झेड-४ एम ४० आय अमेरिकेत ६३,७०० डॉलरला होती. फरक पावणेचौदा हजारांचा. त्यात कापडी छताची यंत्रणा आली, वाढीव ताकद आली, आतली सजावट आली, आणि बॉनेटवरचं चिन्हही आलंच.

चेहरा सांगाड्याने ठरतो

लोकांना वाटतं, डिझायनर कोऱ्या कागदावर रेघ मारतो. प्रत्यक्षात कागद हातात येतो तेव्हा त्यावर काही बिंदू आधीच खिळ्याने ठोकलेले असतात. चाकांचे मध्य, समोरच्या काचेचा पाया, चालकाचं बूड टेकतं ती जागा, इंजिनाचा माथा. यांना धंद्यात ‘हार्ड पॉइंट’ म्हणतात आणि ते हलवायचे तर सांगाडाच बदलावा लागतो.

एफटी-१ हा नमुना टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या काल्टी स्टुडिओने केला होता. त्याला कुठलाही खिळा नव्हता. तो लांबरुंद होता आणि त्याच्या वळणांना पसरायला जागा होती. सुप्राला मिळाला झेड-४ बरोबरचा २,४७० मिमीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर. एकूण लांबी ४,३७९ मिमी, रुंदी १,८५४, उंची फक्त १,२९२. तीच वळणं आखूड अंगावर बसवली की दाटी होते. पैठणीचा काठ तेवढाच ठेवून साडी परकराएवढी केली तर जसं दिसेल, तसं. सुप्राची शेपटी अनेकांना ‘गर्दीची’ वाटते ती याच कारणाने.

हा आखूडपणा अपघाताने आलेला नाही. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना व्हीलबेस आणि ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, यांचं गुणोत्तर १.५ ते १.६ च्या दरम्यान हवं होतं. पुढचा ट्रॅक १,५९४ मिमी. २,४७० भागिले १,५९४ म्हणजे १.५५. हे गुणोत्तर लहान असलं की गाडी वळणात चटकन तोंड फिरवते, आणि सरळ रस्त्यावर वेगात मात्र थोडी चुळबुळी वाटते. जुन्या सुप्राचं गुणोत्तर १.६८ च्या आसपास होतं. तिची ख्याती सरळ रस्त्यावरची होती हे उगाच नाही.

लांब नाकाचंही असंच. ओळीतले सहा सिलिंडर म्हणजे लांब इंजिन, आणि पुढे-मागे वजन ५०-५० करायचं तर ते पुढच्या आसाच्या मागे सरकवावं लागतं. मग डॅशबोर्ड मागे जातो, चालक जवळजवळ मागच्या चाकांपाशी बसतो आणि नाक लांबतं. बॉनेट आणखी खाली दाबता येत नाही, कारण पादचारी सुरक्षेच्या नियमांसाठी पत्र्याखाली, इंजिनाच्या कठीण भागांच्या वर, मोकळी जागा ठेवावी लागते. डोकं आपटलं तर पत्रा दबायला वाव हवा. छतावरचे ते दोन फुगवटे दोन डोक्यांसाठी आहेत. मधला भाग खाली घेतला की समोरून हवेला अडणारं क्षेत्रफळ घटतं आणि डोक्याला जागाही उरते.

फोटो बघून मत बनवण्याआधी फूटपट्टी घ्या. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपूट आक्रसते. फोटो पंधरा मीटर लांबून, झूम करून, गाडीच्या कंबरेच्या उंचीवरून, बरोबर बाजूने काढलेला हवा. मग पडद्यावर पुढच्या टायरचा व्यास मोजायचा आणि त्या मापाने दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर मोजायचं. सुप्राचं पुढचं टायर २५५/३५ आर १९ आहे, म्हणजे व्यास ६६१ मिमी, व्हीलबेस ३.७ चाकं भरतो. टोयोटाच्याच जीटी ८६ मध्ये २१५/४५ आर १७ टायर, व्यास ६२५ मिमी, व्हीलबेस २,५७०, तो ४.१ चाकं भरतो. सुप्रा ‘बसकी आणि दणकट’ दिसते आणि ८६ ‘हलकी आणि लांबोडी’ दिसते, त्यामागे हा ०.४ चाकाचा फरक आहे.

खोट्या जाळ्या

सगळ्यात कडू वाद इथला. बॉनेटच्या दोन्ही कडांना, हेडलाइटच्या बाहेरच्या टोकाला, दाराच्या मागच्या कडेला, मागच्या दिव्यांपाशी अशी काळ्या प्लास्टिकची तोंडं आहेत, बहुतेक बंद. तादा यांचं म्हणणं होतं की ही सोय शर्यतीसाठी आहे, झाकण काढलं की ब्रेक, इंजिन आणि डिफरन्शियलला हवा देता येईल. रस्त्यावरच्या गाडीला तेवढी हवा लागत नाही, आणि उघडं भोक वाऱ्याचा विरोध व आवाज वाढवतं.

यातलं निम्मं पटतं. बॉनेटच्या जाळ्या खरोखर कामाला लावता येतात. दाराच्या जाळीचं समर्थन मात्र ओढूनताणून केलेलं आहे. दाराच्या पत्र्यातून हवा नेऊन पोचवायची तरी कुठे?

ज्यांना बॉनेटच्या जाळ्या उघडायच्या असतात त्यांनी आधी लोकरीची चाचणी करावी. हवा फक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. चुकीच्या जागी भोक पाडलं तर गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरची आत घुसते. आठ-दहा सेंटिमीटरचे लोकरीचे तुकडे जाळीभोवती दर पाच सेंटिमीटरवर कागदी टेपने चिकटवा, गाडी बंद मैदानावर किंवा ट्रॅकवर ८०-१००च्या वेगाने कोणाला तरी चालवायला द्या आणि शेजारच्या गाडीतून चित्रीकरण करा. दोरे मागे सरळ झोपले तर हवा पत्र्याला धरून वाहते आहे. फडफडले किंवा उलटे वळले तर तिथे भोवरा आहे, भोकाचा उपयोग नाही. शिवाय उघड्या जाळीतून पावसाचं पाणी थेट इंजिनावर पडतं. खाली पाणी बाजूला नेणारी पन्हाळ बसवली नाही तर इग्निशन कॉइलच्या जोडण्यांत ओल शिरते आणि इंजिन एका सिलिंडरवर चुकायला लागतं.

गंमत अशी, की इतक्या खोट्या जाळ्यांवर चर्चा झाली आणि खरी वायुगतीची चूक जाळ्यांत नव्हतीच. ती काचेत निघाली. खिडकी खाली करून वेगात गेलं की सुप्राच्या आत कान दुखतील असा धब-धब-धब दाब येतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती घुमते, तसंच हे. आरशापाशी सुटलेले हवेचे भोवरे आणि केबिनच्या पोकळीची लय जुळते. उपाय स्वस्त आहे: खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात लावायची प्लास्टिकची छोटी पट्टी, जी भोवऱ्याची लय मोडते. ती दुतर्फी व्हीएचबी टेपने चिकटवतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, दाबायला अंगठ्याने अर्धा मिनिट, आणि चोवीस तास धुणं-बिणं बंद. पूर्ण पकड यायला तीन दिवस जातात. थंडीत, पंधरा अंशांखाली चिकटवली तर महामार्गावर उडून जाते.

एका वर्षात ४७ हॉर्सपॉवर

२०२१ च्या मॉडेलला टोयोटाने ३८२ हॉर्सपॉवर दिले आणि भाव फक्त हजार डॉलरने वाढवून ५०,९९० केला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला दोनऐवजी सहा तोंडं आली, पिस्टन बदलले, कॉम्प्रेशन ११ वरून १०.२ वर आलं. पहिल्या वर्षी रांगेत उभं राहून, वर ऑन मोजून गाडी घेतलेल्यांचा जळफळाट झाला नसता तरच नवल. त्याच सुमारास ४२,९९० ला २५५ हॉर्सपॉवरची चार सिलिंडरची सुप्राही आली. तिला इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आणि बदलते डँपर (धक्के झेलणारे दट्टे) नाहीत, पुढचे ब्रेकही एका पिस्टनचे. पण नाकावरचं वजन कमी. घाटासारख्या रस्त्यावर तीच जास्त मजा देते असं म्हणणारा एक गट आहे, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

भारतात आली असती तर

मुंबई-पुण्यातले शौकीन २०१९ च्या भावाला सत्तरने गुणून ‘पस्तीस लाख’ म्हणायचे. ते गणित बंदरावरच बुडतं. पूर्ण तयार आयात गाडीची जहाजभाडं आणि विम्यासकट किंमत ४० लाख रुपये धरू, म्हणजे ४०,००० डॉलरच्या वर. त्यावर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के: ४४ लाख. बेरीज ८४. आयातदार आणि विक्रेता यांचा खर्च-नफा सहा लाख धरला तर ९०. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरळ ४० टक्के: ३६ लाख. एक्स-शोरूम १ कोटी २६ लाख. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे आणखी २५ लाख २० हजार (कमाल मर्यादा ३० लाख). दीड कोटी झाले, विमा अजून बाकी.

आता जुळी बहीण. झेड-४ एम ४० आय २०२३ मध्ये भारतात ८९ लाख ३० हजारांना, एक्स-शोरूम, आली. एवढी खाली कशी? तेव्हाचा जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के काढून टाकला तर साधारण ६० लाख उरतात. ११० टक्के शुल्क धरून उलटं गणित केलं तर बंदरावरची किंमत साडेअठ्ठावीस लाखांवर येते, ७० टक्के धरून केलं तर साडेपस्तीस लाखांच्या आत. विक्रेत्याचा नफा वजा केला की ही दुसरी किंमतही ४०,००० डॉलरच्या पुढे-मागेच घुटमळते. २०२३ च्या अर्थसंकल्पाने ७० टक्क्यांचा टप्पा पेट्रोल गाड्यांना दोन अटींवर दिला होता: आयात किंमत ४०,००० डॉलरच्या वर नको आणि इंजिन ३,००० सीसीच्या वर नको. अमेरिकन दुकानातला भाव या हिशेबात येतच नाही. कारखान्याने आपल्याच भारतीय कंपनीला लावलेला भाव येतो.

दुसऱ्या अटीत मात्र हिशेब करायचं कारणच नाही. बी-५८ चा एकेक सिलिंडर अर्ध्या लिटरला किंचित कमी भरतो. सहांची बेरीज २,९९८ सीसी.